भयगंडावरील दूरस्थ उपचार आणि ‘टॅपिंग’ पद्धती : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मानसोपचाराच्या इतिहासात भयगंडाला एक वेगळे स्थान आहे. अन्य मानसिक व्याधींमध्ये रुग्ण उपचारकाकडे जाऊ शकतो. जाण्याची इच्छा नसेल तर नातेवाईक त्याला घेऊन जातात. भयगंडाच्या रुग्णाची अडचण अशी की, पुष्कळदा उपचारकापर्यंत पोहोचणे हाच त्याच्या व्याधीचा विषय असतो. ज्याला लिफ्टची भीती आहे तो आठव्या मजल्यावरील चिकित्सालयात कसा जाणार? ज्या स्त्रीला घराचा उंबरठा ओलांडताच छातीत धडधडू लागते, तिला ‘पुढच्या मंगळवारी या’ असे सांगण्यात काय अर्थ आहे? त्यामुळे दुरून उपचार करण्याची कल्पना या क्षेत्रात संगणकाच्या आणि इंटरनेटच्या बऱ्याच आधी रुजली. पत्र, ध्वनिमुद्रिका, कॅसेट, दूरध्वनी, संगणक अशी तिची वाटचाल झाली.

या वाटचालीतील एक वादग्रस्त प्रकरण म्हणजे ‘टॅपिंग’. चेहरा, छाती व हात यांवरील ठरावीक बिंदूंवर बोटांनी हलके ठोके देत भीतीच्या विषयाचे स्मरण करावयाचे, आणि हे सर्व दूरध्वनीवरून किंवा पडद्यावरून उपचारकाच्या सूचनेनुसार करावयाचे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. तिचे समर्थक तिला चमत्कार मानतात, तर टीकाकार तिला छद्मविज्ञान म्हणतात. प्रस्तुत लेखात या दोन्ही भूमिकांपेक्षा थोडा वेगळा प्रश्न विचारण्याचा प्रयत्न केला आहे. तो असा की, ज्यांना या पद्धतीने बरे वाटले त्यांना नेमके कशाने बरे वाटले, आणि हे शोधून काढण्यासाठी संशोधकांनी कोणते मार्ग अवलंबिले?

पत्राने व ध्वनिमुद्रिकेने केलेले उपचार

दूरस्थ भयोपचाराचे एक अतिशय प्रसिद्ध उदाहरण खुद्द फ्रॉइडच्या लेखनात आहे. १९०९ साली त्याने पाच वर्षांच्या ‘हान्स’ या मुलाच्या भयगंडाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या मुलाला घोड्यांची भीती वाटत असे. घोडा चावेल, घोडा पडेल या धास्तीने तो रस्त्यावर जाण्यास तयार नसे. व्हिएन्नातील रस्ते त्या काळी घोडागाड्यांनी गजबजलेले असल्यामुळे या भीतीने त्याचे बाहेर पडणेच थांबले होते. उपचाराच्या काळात फ्रॉइडने या मुलाला एकदाच भेटीस बोलावले. बाकी सारे काम मुलाचे वडील करीत. ते मुलाशी बोलत, टिपणे काढीत आणि ती फ्रॉइडला पाठवीत. उपचारक दूर, रुग्ण घरी आणि मध्ये एक मध्यस्थ ही रचना आजच्या वाचकाला ओळखीची वाटेल. हान्सची भीती गेली. ती फ्रॉइडच्या अर्थनिर्णयाने गेली की वडिलांच्या सततच्या लक्ष देण्याने गेली, हा प्रश्न मात्र त्या वृत्तांतातून सुटत नाही. पुढे १९२२ साली, तरुण झालेला हान्स फ्रॉइडला भेटला तेव्हा, आपलाच वृत्तांत वाचूनही त्याला त्यातील काही ओळखीचे वाटले नव्हते. रुग्ण बरा होणे आणि त्या बरे होण्याचे स्पष्टीकरण खरे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रकरणावरून ध्यानात घ्यावयास हवे.

दुसरे महत्त्वाचे नाव ऑस्ट्रेलियातील डॉ. क्लेअर वीक्स (१९०३–१९९०) यांचे. त्या मूळच्या प्राणिशास्त्रज्ञ; नंतर वैद्यक शिकून सामान्य चिकित्सक झाल्या. तरुणपणी हृदयाच्या धडधडीने त्या स्वतः त्रस्त झालेल्या होत्या. १९६२ साली त्यांचे पहिले पुस्तक निघाले. घराबाहेर पडण्याची भीती असलेल्या रुग्णांना त्या पुस्तके, ध्वनिमुद्रिका, कॅसेट आणि नियतकालिक यांच्या आधारे मार्गदर्शन करीत. भीतीला सामोरे जा, ती आली तर येऊ द्या, तिच्याशी झुंजू नका आणि वेळ जाऊ द्या, असा त्यांच्या उपदेशाचा सारांश होता. १९७३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी ब्रिटनमधील ५२८ रुग्णांच्या अनुभवावर आधारित निबंध प्रसिद्ध केला. ‘दूरस्थ मार्गदर्शन’ असा शब्दप्रयोग त्या स्वतःच्या पद्धतीसाठी करीत. या निबंधात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे आजच्या कसोटीवर तो पुरावा दुबळा ठरेल. तथापि, रुग्णाने घरात राहून सुरुवात करावी, मात्र घरातच थांबू नये, हे तत्त्व त्यांनी फार लवकर ओळखले होते.

सश्यापासून मांजरापर्यंत

भयगंड हा शिकलेला प्रतिसाद असेल तर तो विसरविताही येईल, या विचाराची प्रायोगिक बाजू अमेरिकेत घडली. १९२० साली जॉन वॉटसन व रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या मुलाच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती निर्माण करून दाखविली. आजच्या नैतिक निकषांवर हा प्रयोग क्षणभरही टिकणार नाही. त्याची भरपाई म्हणावी असे काम १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी केले. पीटर नावाचा सुमारे पावणेतीन वर्षांचा मुलगा सशाला भीत असे. पीटर उंच खुर्चीवर बसून आवडीचे खात असताना पिंजऱ्यातील ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला जाई आणि दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणला जाई. मध्यंतरी पीटरला आजार झाला, तो रुग्णालयात राहिला आणि बाहेर पडताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर धावून आला. पुसट झालेली भीती पुन्हा उफाळली. जोन्स यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अखेर पीटर सशाला आपली बोटे कुरतडू देऊ लागला.

जोसेफ वोल्पे (१९१५–१९९७) यांनी दक्षिण आफ्रिकेत मांजरांवर हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला. १९५८ च्या ग्रंथात त्यांनी माणसांसाठी त्याची पद्धत मांडली. तिला आपण क्रमशः असंवेदनीकरण म्हणू. रुग्णाने प्रथम स्नायू शिथिल करण्यास शिकावयाचे, नंतर भीतीच्या प्रसंगांची सौम्य ते तीव्र अशी उतरंड रचावयाची आणि शिथिल अवस्थेत एकेका प्रसंगाची कल्पना करावयाची. वोल्पे यांच्या मते शिथिलता आणि भीती एकत्र नांदू शकत नाहीत, म्हणून भीती हटते. रुग्णाने आपल्या अस्वस्थतेला शून्यापासून शंभरपर्यंत अंक द्यावा, हीही त्यांचीच कल्पना. ती पुढे टॅपिंगवाल्यांनी शून्य ते दहा अशी करून उचलली.

वोल्पे यांच्या पद्धतीचे पुढे काय झाले, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. नंतरच्या संशोधकांनी त्या पद्धतीचे घटक सुटे करून पाहिले. शिथिलता वगळली तरी रुग्ण बरे होत. उतरंडीचा क्रम बदलला तरी होत. भीतीच्या विषयासमोर पुरेसा वेळ आणि पुन्हा पुन्हा येणे, म्हणजेच सन्मुखता, हा घटक मात्र वगळता येईना. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ आयझॅक मार्क्स यांनी या निष्कर्षाचा जन्मभर पाठपुरावा केला आणि उपचारकाच्या उपस्थितीचीही सदैव गरज नाही, रुग्ण स्वतःच सन्मुखतेचा अभ्यास करू शकतो, असे दाखविले. स्वीडनमधील लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये विशिष्ट भयगंडासाठी सुमारे तीन तासांच्या एकाच बैठकीची पद्धत मांडली. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही आपली म्हण पळणाऱ्यालाच उद्देशून आहे. पळणे थांबविले की ब्रह्मराक्षसाचे काय होते, हे या संशोधकांनी मोजून पाहिले, एवढेच.

कॅलहान आणि पाण्याची भीती

टॅपिंगचा उगम या परंपरेबाहेर आहे. डेट्रॉइटमधील जॉर्ज गुडहार्ट या कायरोप्रॅक्टरने १९६४ च्या सुमारास ‘अप्लाइड किनेसिऑलॉजी’ नावाची पद्धत काढली. स्नायूंच्या बळाची हाताने परीक्षा करून शरीरातील दोष ओळखता येतो, असा तिचा दावा होता. चिनी वैद्यकातील ऊर्जामार्गांची, म्हणजे मेरिडियनची, कल्पना तिच्यात मिसळली गेली. जॉन डायमंड या मनोविकारतज्ज्ञाने ती भावनांना लागू केली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर कॅलहान (१९२५–२०१३) यांनी ही विद्या शिकून घेतली.

कॅलहान यांनी वारंवार सांगितलेली कथा अशी. १९८० च्या सुमारास मेरी नावाची एक स्त्री त्यांच्याकडे उपचार घेत होती. तिला पाण्याची विलक्षण भीती होती. दीड वर्ष नेहमीचे उपचार करूनही फारसा गुण नव्हता. एके दिवशी ती म्हणाली की, पाण्याचा विचार आला की पोटात कसेतरी होते. जठराचा ऊर्जामार्ग डोळ्याखाली सुरू होतो, हे कॅलहान यांना आठवले. त्यांनी तिला डोळ्याखाली बोटांनी ठोके देण्यास सांगितले. काही मिनिटांत आपली भीती गेल्याचे तिने जाहीर केले आणि ती जवळच्या पोहण्याच्या तलावाकडे धावली.

कथा आकर्षक आहे, आणि ती खोटी मानण्याचे कारण नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्यातील दोन तपशील नजरेआड करू नयेत. पहिला, मेरी त्या क्षणापूर्वी दीड वर्ष याच भीतीवर काम करीत होती. दुसरा, ठोके देताना ती पाण्याचाच विचार करीत होती आणि ठोके संपताच पाण्यापाशी गेली. जोन्स किंवा मार्क्स यांना ही कथा सांगितली असती तर त्यांनी बोटांकडे न पाहता तलावाकडे पाहिले असते. कॅलहान यांनी बोटांकडे पाहिले. १९८५ साली त्यांनी पाच मिनिटांत भयगंड बरा करण्याचे आश्वासन देणारे पुस्तक लिहिले. पुढे या पद्धतीला ‘थॉट फील्ड थेरपी’ असे नाव मिळाले. विचारक्षेत्रात विक्षोभ निर्माण होतात आणि योग्य बिंदूंवर योग्य क्रमाने ठोके दिले की ते नाहीसे होतात, असा तिचा सिद्धान्त. प्रत्येक व्याधीला बिंदूंचा निराळा क्रम आणि मध्ये डोळे फिरविणे, सूर गुणगुणणे, अंक मोजणे असा विधी त्यात होता.

दूरध्वनीवरील आवाज

टॅपिंगचे दूरस्थ रूप येथून सुरू होते. ठोके रुग्ण स्वतःच देत असल्यामुळे उपचारकाने समोर असण्याची गरज नव्हती. अडचण निदानाची होती. स्नायूंची परीक्षा दूरध्वनीवरून कशी करणार? यावर कॅलहान यांनी ‘व्हॉइस टेक्नॉलॉजी’ हा उपाय काढला. रुग्णाच्या आवाजावरून कोणत्या बिंदूंवर कोणत्या क्रमाने ठोके द्यावयाचे हे ठरविता येते, असा त्यांचा दावा होता. या तंत्राचे शिक्षण घेण्याचे शुल्क एक लाख डॉलर होते आणि शिकणाऱ्यास गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागे.

विद्यापीठीय वर्तुळात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोपनीयता शुल्काहूनही अधिक खटकेल. जे तंत्र उघड करता येत नाही ते तपासता येत नाही. जोन्स यांचा ससा, वोल्पे यांची मांजरे, वीक्स यांच्या ध्वनिमुद्रिका यांपैकी काहीही गुपित नव्हते. १९९९ साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या मानसशास्त्रज्ञ नियमन मंडळाने दूरध्वनीवरून हे तंत्र वापरणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञावर कारवाई केली. त्याच वर्षी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने या पद्धतीच्या प्रशिक्षणाला निरंतर शिक्षणाचे गुण देता येणार नाहीत, अशी भूमिका घेतली. २००१ साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजी’ या नियतकालिकाने एक असाधारण निर्णय घेतला. कॅलहान व त्यांच्या सहकाऱ्यांचे लेख नेहमीच्या परीक्षणाविना छापले आणि प्रत्येकासोबत टीकाकारांचा अभिप्राय दिला. वाचकाने स्वतः ठरवावे, अशी संपादकांची कल्पना असावी. टीकाकारांचे आक्षेप मुख्यतः तुलनागटाचा अभाव आणि यशाच्या कथांची निवड यांवर होते. संशोधनपत्रिकेने असे करावे की नाही, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. परंतु त्यामुळे दोन्ही बाजू एकाच अंकात कायमच्या नोंदल्या गेल्या, हे मान्य करावे लागेल.

गॅरी क्रेग यांचे सुलभीकरण

गॅरी क्रेग हे स्टॅनफर्डचे अभियांत्रिकी पदवीधर, कॅलहान यांचे शिष्य. १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी ‘इमोशनल फ्रीडम टेक्निक्स’ ही आवृत्ती काढली. निदान, निरनिराळे क्रम आणि गोपनीयता हे सारे त्यांनी बाजूला सारले. भुवईचा आतील कोपरा, डोळ्याची बाहेरची कड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, गळपट्टीचे हाड, काख अशा सर्व बिंदूंवर सर्वांनी सर्व तक्रारींसाठी ठोके द्यावयाचे. प्रारंभी तळहाताच्या कडेवर ठोके देत, ही भीती असली तरी मी स्वतःचा पूर्णपणे स्वीकार करतो, अशा अर्थाचे वाक्य म्हणावयाचे. मार्गदर्शनाची पुस्तिका त्यांनी विनामूल्य दिली. या पद्धतीचा जगभर झालेला प्रसार बहुतांशी या उदारपणाचा परिणाम आहे.

क्रेग यांच्या लक्षात आले नसेल, पण या सुलभीकरणाने गुरूच्या सिद्धान्तालाच सुरुंग लावला. विशिष्ट क्रम आवश्यक असेल तर सरसकट क्रमाने गुण येता कामा नये. आणि सरसकट क्रमाने तितकाच गुण येत असेल तर लाख डॉलरचे निदान कशासाठी?

तपासणी

हा प्रश्न प्रयोगाने सोडविता येण्याजोगा होता, आणि २००० नंतर तो हाती घेण्यात आला. २००३ साली ऑस्ट्रेलियातील वेल्स व सहकाऱ्यांनी लहान प्राण्यांचा भयगंड असलेल्या ३५ व्यक्तींवर प्रयोग केला. एका गटाने अर्धा तास टॅपिंग केले, दुसऱ्याने पोटाने श्वास घेण्याचा अभ्यास केला. प्राण्याच्या जवळ जाण्याच्या चाचणीत आणि स्वतः नोंदविलेल्या भीतीत टॅपिंगचा गट सरस ठरला. नाडीच्या गतीत मात्र फरक आढळला नाही. समर्थकांसाठी हा निष्कर्ष उत्साहवर्धक होता. टॅपिंगने काहीच होत नाही, असे म्हणण्यास त्याने आडकाठी केली, हे टीकाकारांनीही मान्य करावयास हवे.

त्याच वर्षी कॅनडातील वेट व होल्डर यांनी ११९ विद्यार्थ्यांवर अधिक चतुर रचना वापरली. एका गटाने नेहमीचे बिंदू ठोकले. दुसऱ्याने हातावरील भलत्याच जागा ठोकल्या. तिसऱ्याने स्वतःच्या अंगावर नव्हे, तर एका बाहुलीवर ठोके दिले. चौथ्याने यांपैकी काहीच केले नाही. पहिल्या तिन्ही गटांची भीती कमी झाली, चौथ्याची झाली नाही. बाहुलीला ऊर्जामार्ग असतात, असे अद्याप कोणी म्हटलेले नाही.

तिसरा पुरावा आतून आला. मोनिका पिग्नोटी यांनी स्वतः व्हॉइस टेक्नॉलॉजीचे प्रशिक्षण घेतले होते आणि त्या तिच्या पुरस्कर्त्या होत्या. त्यांनी ६६ व्यक्तींचे दोन समान गट केले. एका गटाला आवाजावरून ठरविलेला क्रम दिला, दुसऱ्याला यादृच्छिक निवडीने आलेला. कोणाला काय मिळाले हे सहभागींना ठाऊक नव्हते. दोन्ही गटांत सारखेच, म्हणजे ९७ टक्के लोकांनी आपली अस्वस्थता पूर्णपणे गेल्याचे सांगितले. २००५ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. तोपर्यंत त्या या पद्धतीपासून दूर झाल्या होत्या आणि २००७ मध्ये त्यांनी आपला अनुभवही लिहून काढला. ज्या विद्येवर आपण वर्षे खर्च केली तिच्यावर स्वतःच चिठ्ठ्या टाकून परीक्षा घ्यावयाची, हे सोपे काम नाही. या साऱ्या प्रकरणात प्रस्तुत लेखकाला सर्वाधिक आदरणीय वाटणारी कृती ही आहे.

वाद संपलेला नाही. २०१८ साली समर्थक संशोधकांनी सहा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून बिंदूंवरील ठोक्यांचा स्वतंत्र परिणाम असल्याचे प्रतिपादन केले. टीकाकारांना ते मान्य नाही. दूरस्थ टॅपिंगची थेट तपासणी २०१२ साली हार्टुंग व स्टाइन यांनी केली. तो अभ्यास भयगंडाचा नसून माजी सैनिकांच्या आघातोत्तर तणावाचा होता. समोरासमोर उपचार झालेल्यांपैकी ९१ टक्के, तर दूरध्वनीवरून झालेल्यांपैकी ६७ टक्के सैनिक निदानाच्या निकषांतून बाहेर पडल्याचे त्यांनी नोंदविले. विक्षोभ आणि बिंदू हेच सर्व कार्य करीत असतील, तर अंतराने एवढा फरक का पडावा? समोर बसलेल्या माणसाचे मोल या आकड्यांत दडलेले असण्याची शक्यता अधिक वाटते.

दूरस्थ सन्मुखता आणि आपला प्रदेश

दरम्यान मुख्य प्रवाहातील भयोपचारही दूर जाऊन पोहोचला होता. मार्क्स यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘फिअरफायटर’ या संगणकीय कार्यक्रमाला २००६ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय संस्थेने भयगंड व तीव्र भयाघातासाठी मान्यता दिली. त्यात ठोके नव्हते. उद्दिष्ट ठरविणे, भीतीच्या जागी जाणे आणि नोंद ठेवणे एवढेच होते.

मराठी वाचकाला दूरस्थ मानसोपचार म्हटले की कि. मो. फडके यांचे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही. न्यूयॉर्कमधील अल्बर्ट एलिस यांच्याशी त्यांनी अनेक वर्षे केलेला पत्रव्यवहार हा विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात येण्याचा प्रमुख मार्ग ठरला. तेथे पत्रातून रुग्णोपचार नव्हे, तर विद्या आली; पण पत्रातून आलेली विद्या उलटतपासणीस खुली होती. प्रश्न विचारले गेले, उत्तरे आली, पुन्हा शंका काढल्या गेल्या. गोपनीयतेच्या करारावर सही करून घेतलेले ज्ञान आणि हे ज्ञान यांतील फरक वेगळा सांगावयास नको.

मार्च २०२० मध्ये भारत सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीसेवा सुरू झाली. त्यामुळे दूरस्थ उपचार हा आता आपल्याकडील महाविद्यालयीन समुपदेशकाच्याही रोजच्या व्यवहाराचा भाग होत आहे. समाजमाध्यमांतून टॅपिंग शिकून आलेला विद्यार्थी समोर बसला तर त्याला काय सांगावे? ठोके देण्याने अपाय होण्याचे कारण दिसत नाही. ठोके देत तो लिफ्टमध्ये शिरत असेल तर शिरू द्यावे. मात्र ठोके देणे हेच लिफ्टमध्ये न शिरण्याचे निमित्त होत असेल, तर ते निदर्शनास आणावे.

एका प्रकारच्या भयगंडात अधिक सावधगिरी हवी. रक्त, जखम व इंजेक्शन यांच्या भीतीत प्रथम रक्तदाब वाढतो, मग एकाएकी उतरतो आणि माणूस शुद्ध हरपून पडतो. अन्य भयगंडांत असे सहसा होत नाही. अशा रुग्णाला शांत, शिथिल होण्यास सांगणे उलटे ठरू शकते. ओस्ट व स्टर्नर यांनी १९८७ साली मांडलेल्या पद्धतीत त्याला हात, पाय व धड यांचे स्नायू ताणून धरण्यास शिकवितात, म्हणजे रक्तदाब टिकून राहतो. समोर असलेल्या उपचारकाला चेहरा पांढरा पडू लागलेला दिसतो; दूरध्वनीवर फक्त आवाज थांबल्याचे कळते. म्हणून असा अभ्यास दुरून करावयाचा असल्यास रुग्ण सध्या कोठे बसला आहे त्या जागेचा पूर्ण पत्ता आणि शेजारच्या खोलीतील एखाद्या प्रौढ व्यक्तीचा क्रमांक बैठकीच्या आरंभीच लिहून घ्यावा, आणि रुग्णास उभे न ठेवता पलंगावर किंवा जमिनीवर बसवून मगच सुरुवात करावी.